सवाईला सहकुटुंब: सासूबाईंची खुर्ची आणि मुलाची टाळी

पत्र : सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. तरुणपणी पुण्यात रमणबागेत सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला, म्हणजे सवाईला, जायच्या, आता कितीतरी वर्षं जाणं झालेलं नाही. गुडघे दुखतात, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. मुलगा ८ वर्षांचा, वर्षभर तबला शिकतोय. मुलगी १५ची, कानातले इयरफोन निघत नाहीत. नवरा म्हणतो, "मोबाइलवर सगळं ऐकायला मिळतं, थंडीत कुडकुडत कशाला बसायचं?" गेल्या हिवाळ्यात एका मैफलीला सगळे गेलो होतो. साडेसातला पोहोचलो, एका कोपऱ्यात स्पीकरच्या पुढ्यात जागा मिळाली. मुलगा भुकेने रडकुंडीला आला, सासूबाई खाली बसल्या त्या उठेनात, नवऱ्याला झोप लागली. पावणेनऊला बाहेर पडलो. येताना गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. यंदा सासूबाईंना सवाईला न्यायचंच आहे. पाचही दिवसांची तिकिटं काढू का? कसं जमवू?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : पाच दिवसांची तिकिटं अजिबात काढू नका. पैसे वसूल करायच्या नादात तिसऱ्या दिवशी घरात भांडण होईल. एकच दिवस निवडा, आणि त्या दिवशीचंही सगळं ऐकायचा हट्ट धरू नका. तानपुरे जुळण्यापासून शेवटच्या टाळ्यांपर्यंत एक गायन घरातल्या सगळ्यांनी मिळून पुरं ऐकलं, की तुमचा सवाई झाला. वर जे मिळेल ते बोनस.

गेल्या वेळी चूक संगीताची नव्हती, वेळेची आणि जागेची होती. साडेसातला, म्हणजे कुणाच्या तरी विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, ख्यालाच्या मध्यावर तुम्ही आत शिरलात. पाऊण तास हळूहळू उभी राहत आलेली इमारत तुम्हाला दुसऱ्या मजल्यापासून दिसली. मुलाला कंटाळा येणारच. शिवाय ती नेमकी जेवायची वेळ.

दिवस कुठला? अलीकडच्या वर्षांत महोत्सव डिसेंबरात बुधवार ते रविवार असतो. पहिले तीन दिवस साधारण दुपारी ३ ते रात्री १०, शनिवारी रात्री १२पर्यंत, आणि रविवारी दुपारी बारापासून. यंदाच्या वेळा पत्रिकेत पाहून घ्या. तुमच्या घराला रविवार बरा. दुपार उबदार असते, शाळा बुडत नाही, आणि सासूबाईंना बहुधा जे ऐकायचं असेल ते, म्हणजे महोत्सवाची सांगता, त्याच दिवशी असते. पण बारापासून दहापर्यंत दहा तास कुणालाच झेपणार नाहीत. साडेतीनला पोहोचा. मुलगा आणि त्याचे बाबा दोन सादरीकरणं ऐकून सात-साडेसातला घरी परततील. तुम्ही आणि सासूबाई शेवटपर्यंत थांबा. मुलीने कुणाबरोबर राहायचं ते तिचं तिला ठरवू द्या. सगळ्यांनी एकत्र जायचं म्हणजे एकत्र परतायचंच असं नाही. हे आधी घरात बोलून ठेवा, नाहीतर साडेसातला मांडवात कुजबुजत वाद सुरू होतो आणि पुढच्या रांगेतले आजोबा मान वळवून पाहतात.

सासूबाईंना दोन गोष्टींची कल्पना आधीच द्या. एक, रमणबाग आता नाही. २०१८पासून महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो. दुसरी, रात्र जागवणंही नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद ठेवावे लागतात. राज्य सरकार वर्षातून मोजक्या दिवशी १२पर्यंत सूट देऊ शकतं, शनिवार वाढतो तो त्यातूनच. पहाटेच्या ललत-तोडी रागांची आठवण मनात धरून त्या आल्या तर हिरमुसतील. त्याऐवजी दुपारचा भीमपलास किंवा मुलतानी, दिवेलागणीचा मारवा किंवा पूरिया, मग यमन असा उतरता दिवस त्यांना ऐकायला मिळू शकतो. कोण काय गाईल हे अर्थात कलाकाराच्या मनावर.

आता जागा. बैठकीचं तिकीट स्वस्त असतं आणि खरी मजाही तिथेच असते, हे कबूल. पण दुखऱ्या गुडघ्यांना सतरंजीवर बसवणं म्हणजे शिक्षा. सासूबाईंसाठी आणि तुमच्यासाठी दोन खुर्च्या घ्या, बाकीच्या तिघांना बैठक. मध्यंतरांत भेटायचं कुठे तेवढं ठरवून ठेवा, चहाच्या स्टॉलपाशी म्हणा. खुर्ची रांगेच्या कडेची हवी, जाण्यायेण्याच्या वाटेला लागून. स्वच्छतागृहात जाताना दहा माणसांचे पाय ओलांडावे लागले की वयस्कर माणसं पाणी पिणंच टाळतात आणि मग डोकं दुखतं. एक जाडसर चादर घडी करून पायांखाली ठेवायला न्या. पाय जमिनीला नीट टेकत नसतील तर गुडघा लोंबकळतो आणि तासाभरात आखडतो. दर सादरीकरणानंतर त्यांना उठवून मांडवाच्या कडेने एक फेरी मारायला लावा. "बरं आहे गं मला" म्हणाल्या तरी.

बैठकीवाल्यांनी लवकर पोहोचून मधल्या पट्ट्यात जागा धरावी. स्पीकरच्या भिंतीसमोर बसू नका. तिथे आवाज मोठा असतो, पण तानपुरा आणि गळा वेगळे ऐकू येत नाहीत, आणि मुलाच्या कानांना दोन तास ते बरं नव्हे. अगदी मंचालगत बसलं तर स्पीकरचा आवाज डोक्यावरून जातो. मंचाच्या मध्यरेषेवर, दोन्ही बाजूंचा आवाज सारखा मिळेल अशा मधल्या रांगा सगळ्यांत चांगल्या. तबला शिकणाऱ्याला तबलजीचे हात दिसायला हवेत. समोरून पाहताना तबलजी बहुतेकदा आपल्या डाव्या हाताला बसतात, म्हणून मुलाला मध्यापासून किंचित उजवीकडे बसवा. म्हणजे गायक आणि तानपुरे मध्ये येणार नाहीत. हार्मोनियमवाल्याची पाठ मध्ये आली तर थोडं सरकून बघा.

मांडवाला भिंती नसतात आणि पुण्याचा डिसेंबर संध्याकाळी सहानंतर झपकन उतरतो. दुपारी साडेतीनला स्वेटर नको वाटेल, म्हणून तो घरी राहतो, आणि आठ वाजता सगळे काकडतात. माणशी एक शाल, एक कानटोपी, आणि मोजे. मोजे विसरू नका, बैठकीवर चपला काढून बसायचं असतं आणि गारठा खालून येतो. चपलांसाठी जुन्या कापडाची पिशवी न्या आणि ती जवळच ठेवा. ढिगात काढल्या तर सगळं संपल्यावर शोधायला वेळ जातो. पाठ टेकायला घडीची बैठकखुर्ची घरात असेल तर न्या, पण ती उंच नसावी. मागच्याला तुमचं डोकं दिसायला नको.

खाण्याचं: आवारात स्टॉल असतात आणि रांगाही. पहिलं खाणं घरूनच करून निघा, भाजी-भाकरी, पोळी, काहीही, पण पोट भरून. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा धपाटे आणि शेंगदाण्याचे लाडू. वेफर्सची कुरकुरणारी पाकिटं नकोत. मंद आलापीत ते पाकीट उघडण्याचा आवाज तबल्यापेक्षा मोठा वाटतो, हा सवाईतला सर्वांत जुना तंटा आहे. सासूबाईंच्या गोळीची आणि जेवणाची वेळ मध्यंतराला जुळणार नाही, तेव्हा साडेसातला गोळी, लगेच दोन धपाटे, हे तुमच्या फोनच्या गजरावर लावा. गजर थरथरणारा हवा, वाजणारा नको.

चिंचवडहून यायचं तर गाडी घरीच ठेवा. स्वारगेटपर्यंत मेट्रो सप्टेंबर २०२४मध्ये सुरू झाली, पिंपरी-चिंचवड महापालिकेपासून थेट बसता येतं. पुढे मुकुंदनगर रिक्षाने अगदी जवळ. स्वारगेटचं स्थानक जमिनीखाली आहे, सासूबाईंसाठी लिफ्टचं प्रवेशद्वार कुठलं ते आधी बघून ठेवा. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळही त्या दिवशी तपासा. कार्यक्रम संपल्यावर रिक्षासाठी गर्दी उसळते, तेव्हा तुम्हा दोघींसाठी परतीची गाडी आधीच ठरवलेली बरी.

आता मुलाकडे येऊ. त्याला "शांत बस" सांगून काही होणार नाही, त्याला काम द्या. वर्षभर तबला शिकलेल्याला तीनताल येतो, पण मोठ्या, म्हणजे विलंबित, ख्यालात बहुतेकदा विलंबित एकताल असतो आणि तो नुसता ऐकून सुटत नाही. जाण्याआधी आठवडाभर रोज दहा मिनिटं हे करा. एकतालाचा ठेका त्याच्याकडून म्हणवून घ्या: धिं धिं धागे तिरकिट तू ना, कत् ता धागे तिरकिट धी ना. बारा मात्रा. आता घड्याळाचा सेकंदकाटा समोर ठेवा आणि दर मात्रेला चार सेकंद द्या. एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, ४८ सेकंदांचं होईल. कुणालाही तोल सांभाळता येणार नाही, तुम्हालाही नाही. तबलजी मात्रांच्या मधली पोकळी लहान लहान बोलांनी भरून हेच तासभर करत असतो, एवढं त्याच्या लक्षात आलं तरी पुरे.

मग खुबीची गोष्ट. या ठेक्यात "तिरकिट" दोनदा येतं, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. पहिल्यानंतर "तू ना" येतं, तिथे डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा मोठा तबला, गप्प असतो, आवाज कोरडा. दुसऱ्यानंतर "धी ना" येतं, तिथे डग्गा घुमतो. म्हणजे तिरकिट ऐकल्यावर डग्गा घुमला, की दोन मात्रांत सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. मांडवात बसून मुलाला हे एकदा जरी पकडता आलं आणि गायकाच्या मुखड्याबरोबर, म्हणजे फिरून फिरून येणाऱ्या ओळीबरोबर, त्याची टाळी समेवर पडली, तर पुढचा अर्धा तास तो हलणार नाही. टाळी मांडीवर, आवाज न करता. एकतालात टाळी १, ५, ९, ११ला आणि खाली, म्हणजे बिनटाळीची मात्रा, ३ आणि ७ला, हे त्याला गुरुजींकडून पक्कं करून आणा. समेवर आसपासचे लोक "वाह" म्हणतील, तेव्हा त्यालाही म्हणू द्या. दाद द्यायची ती तिथेच. तान चालू असताना मध्येच टाळ्या पिटल्या तर गायकाचं काही बिघडत नाही, ऐकणाऱ्यांचं बिघडतं.

विलंबितानंतर त्याच रागात बहुतेकदा न थांबता छोटा ख्याल सुरू होतो, लय एकदम उचलते, आणि इथे मुलगा ओळखीच्या तीनतालात येतो. म्हणून त्याला कंटाळा आला तरी विलंबिताच्या मध्ये उठवू नका. "गाडी लवकरच वेग घेणार आहे" एवढं कानात सांगा. अगदीच बाहेर न्यायचं तर टाळ्या चालू असताना न्या. एका कलाकाराला साधारण तासभर मिळतो, तेवढं बसणं आठ वर्षांच्या मुलाला जमतं, फक्त त्याआधी मैदानात पळवून आणा.

दोन कलाकारांच्या मधला वेळ कंटाळ्याचा नाही, तो मुलाला दाखवायचा आहे. पुरुष गायक साधारण काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, आसपास गातात, स्त्रिया बऱ्याचदा काळी चार-पाचला. त्यामुळे गायकानंतर गायिका आल्या की तानपुरेच नव्हे, तबलाही बदलतो. वरच्या स्वराचा तबला लहान तोंडाचा असतो, तो खालच्या स्वरात उतरवता येत नाही. तबल्याच्या कडेच्या लाकडी गठ्ठ्यावर हातोडी वरून खाली मारली की चामड्याची वादी ताणली जाऊन स्वर चढतो, खालून वर मारली की उतरतो. हे मुलाने क्लासमध्ये पाहिलेलं असेल, पण इथे थंडी मध्ये येते. गारठ्यात तानपुऱ्याच्या धातूच्या तारा आकसून चढतात आणि दवाने तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल होऊन उतरते. दोन्ही उलट्या दिशांना जातात, म्हणून मध्येच थांबून पुन्हा जुळवावं लागतं. "का थांबले?" असं त्याने विचारलं तर हे उत्तर तयार ठेवा.

मुलीचे इयरफोन दारात काढायला लावू नका. तिथेच दिवस संपेल. तिच्याशी एवढाच करार करा: एक सादरीकरण कान उघडे ठेवून, ते तिनेच पत्रिकेतून निवडायचं. वाद्य निवडलं तर उत्तम, सतार किंवा सरोद. तालाशिवाय आलाप, मग लय पकडणारा जोड-झाला, मग तबल्यासह गत, म्हणजे तालातली रचना, आणि शेवटी वादक आणि तबलजी यांची सवाल-जबाबासारखी खेचाखेच. तिला फक्त तिहाई ओळखायला सांगा. एकच तुकडा तीनदा आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका थेट समेवर. ती पाच तिहाया मोजेल तोवर वादन संपलेलं असेल. बाकी वेळ तिने स्टॉलवर चहा पीत बसावं, हरकत नाही. मांडवात बसून फोनचा पडदा उजळत ठेवणं मात्र नको, अंधारात तो मागच्या दहा जणांच्या डोळ्यांत जातो. ध्वनिमुद्रण आणि फ्लॅश तर नाहीच.

यजमानांच्या "मोबाइलवर सगळं मिळतं"ला साधं उत्तर आहे. काळी एकला गाणाऱ्याच्या तानपुऱ्यातली खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची, तार सेकंदाला सुमारे ७० वेळा कंप पावते. तेवढा खालचा स्वर फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून जवळपास बाहेर पडतच नाही. डग्ग्याची घुमारीही तशीच गळते. फोनवर ते ऐकतात ते गाण्याचा वरचा अर्धा भाग. त्यांना मांडवात झोप लागली तर लागू द्या, तानपुऱ्याच्या आवाजात लागलेली झोप हा काही गुन्हा नाही. घोरायला लागले तर तेवढं कोपराने सांगा. आणि मुलाला घरी नेण्याची जबाबदारी त्यांची, म्हणजे साडेसातला त्यांचीही सुटका होते आणि तक्रारीला जागा राहत नाही.

उरली सासूबाईंची रात्र. त्यांना माहीत असेलच, पण मुलांना निघण्याआधी घरी सांगून ठेवा. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, ते १९५२मध्ये गेले, आणि शिष्य भीमसेन जोशी यांनी १९५३पासून गुरूच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. २०११मध्ये भीमसेनजी गेल्यावर त्यांचंही नाव महोत्सवाला जोडलं गेलं. शेवटच्या दिवशीचं शेवटचं गायन सवाई गंधर्वांच्याच गानपरंपरेचं, म्हणजे किराणा घराण्याचं, असावं अशी प्रथा रुजली. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, पुढे प्रभा अत्रे यांनी ती जागा सांभाळली. हे कळलं, की मुलीच्या डोळ्यांसमोर शेवटचा कलाकार नुसता "अजून एक" राहत नाही.

आणि गायन संपलं म्हणून उठू नका. त्यानंतर सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. तबकडीच्या खरखरीतून तो आवाज येतो तेव्हा निम्मा मांडव वाहनतळाकडे धावत असतो. सासूबाई बसून राहतील. तुम्हीही बसा, ठरवलेली गाडी पंधरा मिनिटं उशिरा बोलवा. चपला पिशवीत ठेवायला वर सांगितलं ते यासाठीच.